साबणातले टायटॅनियम: नाक, तोंड, कातडी

साबणाच्या वेष्टनावर वजन आणि टीएफएमच्या, म्हणजे एकूण स्निग्धांशाच्या, टक्केवारीखाली बारीक टायपात घटकांची यादी असते. एरवी ती कोणी वाचत नसे. अलीकडे लोक वाचू लागले आहेत, आणि वाचताना त्यांचे बोट यादीच्या शेवटाकडे एका आकड्यावर थांबते: सीआय ७७८९१. हा टायटॅनियम डायऑक्साइडचा रंगक्रमांक. न्हाणीघरातली वडी पांढरीशुभ्र दिसते, किंवा गुलाबी-हिरवी असली तरी आरपार न दिसता भरीव दिसते, ती या पांढऱ्या भुकटीमुळे. कोणी सांगते की युरोपने यावर बंदी घातली, कोणी सांगते की यामुळे कॅन्सर होतो. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे, आणि दोन्हींचा आंघोळीच्या साबणाशी फारसा संबंध नाही. या विषयातली खरी अडचण हीच आहे. साबणाविरुद्ध जे पुरावे पुढे केले जातात ते बहुतेक खरे असतात, फक्त ते साबणाचे नसतात. एक पुरावा नाकावाटे गेलेल्या धुळीचा असतो, दुसरा तोंडावाटे पोटात गेलेल्या रंगाचा. साबण लागतो कातडीला, तोही मिनिटभर, आणि मग पाण्याबरोबर वाहून जातो.

आधी हे द्रव्य साबणात कशाला घालतात ते पाहू. साबणाच्या कारखान्यात कच्चा माल येतो तो सोप नूडल्सच्या रूपात. पाम, खोबरेल किंवा राइस ब्रान तेलापासून बनलेले हे शेवयांसारखे तुकडे मूळचे पांढरे नसतात. त्यांचा रंग पिवळट, कधी फिकट तपकिरी असतो आणि पोत मेणचट, अर्धवट आरपार असतो. हे नूडल्स मिक्सरमध्ये अत्तर, रंग आणि पांढऱ्या भुकटीबरोबर फिरतात, मग रोलरच्या मिलमधून दाबले जातात, प्लॉडरमधून लांबलचक पट्टी होऊन बाहेर पडतात आणि शेवटी ठशाखाली वडीचा आकार घेतात. एवढ्या प्रवासात टायटॅनियमचे प्रमाण किती? साधारणपणे हजार भागांत दोन ते पाच. इतक्या कमी मात्रेत काम भागते, कारण प्रकाश वाकवण्याची या द्रव्याची ताकद अफाट आहे. साबणाचा अपवर्तनांक दीडच्या आसपास असतो, टायटॅनियम डायऑक्साइडचा त्याच्या स्फटिकरूपानुसार अडीच ते पावणेतीन. हिऱ्याचा २.४ आहे, म्हणजे प्रकाश वाकवण्यात ही भुकटी हिऱ्याच्याही पुढे. दोन अंकांमधल्या या तफावतीमुळे वडीत शिरलेला प्रकाश कणाकणावर आपटून परत फिरतो आणि आपल्याला पांढरे दिसते.

इथे कणाच्या आकाराचा मुद्दा येतो, आणि पुढच्या सगळ्या वादात तो पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. पांढरेपणा हवा असेल तर कण दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या निम्म्याएवढा, म्हणजे दोनशे ते तीनशे नॅनोमीटरचा लागतो. रंगवाल्याला लागतो तो हा. तोच कण शंभर नॅनोमीटरच्या खाली नेला की पांढरेपणा जातो आणि भुकटी कातडीवर जवळपास दिसेनाशी होते, पण अतिनील किरण मात्र अडवत राहते. सनस्क्रीनवाल्याला हवा असतो तो हा दुसरा, नॅनो कण. साबणवाल्याला नॅनोचा उपयोग नाही. त्यात त्याचे नुकसानच आहे. तरीही 'टायटॅनियम म्हणजे नॅनो' असे गृहीत धरून साबणावर लिहिलेले मजकूर पुष्कळ दिसतात. कोणतीही भुकटी सगळी एका मापाची नसते, तिच्यात थोडे बारीक कण असतातच, हे खरे. पण सनस्क्रीनची शंका जशीच्या तशी साबणावर चिकटवणे म्हणजे आळस आहे.

हा रंग आला तो सुरक्षित पर्याय म्हणून, हे आज विसरले गेले आहे. त्याच्याआधी जगभर पांढऱ्या रंगावर राज्य होते सफेद्याचे, म्हणजे शिशाच्या क्षाराचे. त्याने रंगाऱ्यांचे हात लुळे पडत, पोटात कळा येत, आणि १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेला इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरण्याविरुद्ध स्वतंत्र करार करावा लागला. टायटॅनियम हे मूलद्रव्य सापडले होते १७९१ मध्ये, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या काळ्या वाळूत. विल्यम ग्रेगर नावाच्या एका हौशी पाद्र्याने ते हेरले. चार वर्षांनी जर्मनीच्या क्लापरोथने त्याला आजचे नाव दिले. पण त्यापासून विकण्याजोगा पांढरा रंग निघायला १९१६ साल उजाडले, नॉर्वेत आणि अमेरिकेत जवळपास एकाच वेळी. ती काळी वाळू आपल्याकडेही आहे. केरळात चवरा, तमिळनाडूत मनवलकुरिची, ओडिशात छत्रपूर, आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही पायाला चटका देणाऱ्या काळपट रेतीत इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज मिसळलेले असते. तिरुवनंतपुरमजवळ वेळी इथे १९४६ मध्ये स्थापन झालेला त्रावणकोर टायटॅनियमचा कारखाना अनाटेज जातीची भुकटी बनवतो, चवऱ्याचा सरकारी कारखाना रूटाइल जातीची. साबणाला सहसा अनाटेज पसंत करतात. ती थोडी मऊ असते आणि तिच्या पांढऱ्यात निळसर झाक येते.

पाण्यात, तेलात, सौम्य आम्लात न विरघळणारे, कशाशी न झगडणारे असे हे द्रव्य. साहजिकच अनेक दशके कोणाला त्याची चिंता वाटली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९७९ मध्ये उंदीर आणि घुशींना दोन वर्षे चाऱ्यात मिसळून ते खाऊ घातले. सर्वांत मोठी मात्रा चाऱ्याच्या पाच टक्के होती. कर्करोग वाढलेला दिसला नाही. मग हा शिक्का आला कुठून?

तो आला नाकावाटे. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात घुशींना दोन वर्षे, आठवड्याचे पाच दिवस, रोज सहा तास टायटॅनियमच्या धुळीत ठेवले होते. एका गटाच्या हवेत घनमीटरमागे १० मिलिग्रॅम धूळ होती, दुसऱ्याच्या ५०, तिसऱ्याच्या २५०. फुप्फुसात गाठी वाढल्या त्या २५० वाल्या गटात. या आकड्याची कल्पना यावी म्हणून सांगतो: अमेरिकेत कारखान्यातल्या साध्या, बिनविषारी धुळीला जी जुनी कमाल मर्यादा आहे ती १५ मिलिग्रॅमची. एवढ्या धुळीत फुप्फुसातल्या सफाई करणाऱ्या पेशीच तुंबतात, कण बाहेर काढता येत नाहीत, सूज कायमची राहते आणि त्या सुजेतून पुढे गाठ होते. तज्ज्ञ याला फुप्फुसावरचा अतिभार म्हणतात. १९९५ मधल्या दुसऱ्या एका जर्मन प्रयोगात अतिसूक्ष्म कण वापरले होते आणि तिथे १० मिलिग्रॅमच्या आसपासच घुशींना गाठी झाल्या. उंदरांत तसे दिसले नाही. घुशीचे फुप्फुस या बाबतीत हळवे आहे, हे आज बहुतेक विषतज्ज्ञ मान्य करतात. वाद आहे तो त्यावरून माणसाबद्दल काय म्हणावे यावर.

ल्योंच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, २००६ मध्ये हे सगळे तपासून टायटॅनियम डायऑक्साइडला 'गट २-ब' मध्ये टाकले. माणसाला कर्करोग करू शकेल अशी शक्यता, असा त्या गटाचा अर्थ. प्राण्यांतला पुरावा पुरेसा, माणसांतला अपुरा, असे संस्थेने स्पष्ट म्हटले होते. हा रंग बनवणाऱ्या कारखान्यांतील हजारो कामगारांच्या नोंदींतून ठाम संबंध निघाला नव्हता. त्या गटाबद्दल एक गोष्ट आपल्या वाचकाला मुद्दाम सांगावीशी वाटते. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गट २-ब मध्ये आहे. टायटॅनियमच्या जागी कोरफडीचा साबण घेऊन सुटलो असे मानणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, आणि हेही की कोरफडीचा पुरावासुद्धा अर्क पाजलेल्या घुशींचा आहे, कातडीला चोळलेल्यांचा नव्हे. आयएआरसी विचारते ते 'हे द्रव्य कधी, कोणत्याही वाटेने, कर्करोग करू शकते का?' एवढेच. किती मात्रेत आणि तुमच्या घरात ते कोणत्या वाटेने येते, हा तिचा प्रश्न नाही. तो नियामकांचा.

नियामकांपैकी सर्वांत नेमके वाक्य, माझ्या मते, कॅलिफोर्नियाने लिहिले. त्या राज्यात कर्करोगकारक द्रव्यांची एक प्रसिद्ध, काहीशी कुप्रसिद्ध यादी आहे. २०११ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड तिच्यात आले ते एका अटीसह: हवेत तरंगणारे, मोकळे आणि श्वासात जाण्याइतके बारीक कण. वडीत रुतून बसलेला कण मोकळाही नाही आणि हवेतही नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेने साध्या बारीक भुकटीसाठी घनमीटरमागे २.४ मिलिग्रॅम आणि अतिसूक्ष्म भुकटीसाठी ०.३ मिलिग्रॅम अशी शिफारस केली. एकच द्रव्य, पण कण बारीक होताच मर्यादा आठपट कडक.

युरोपातली गोष्ट अधिक नाट्यमय आहे. फ्रान्सच्या पुढाकाराने युरोपीय आयोगाने भुकटीरूपातल्या टायटॅनियमला 'श्वासावाटे कर्करोगाचा संशय' असे लेबल लावले आणि ते ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. उद्योग न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या सर्वसाधारण न्यायालयाने ते वर्गीकरण रद्द केले. ज्या प्रयोगावर सगळी मदार होती त्यात फुप्फुसावर किती भार पडला हे मोजताना कणांच्या घनतेचा नीट विचार झाला नाही, असा मुख्य आक्षेप होता. आयोग आणि फ्रान्स वरच्या न्यायालयात गेले. १ ऑगस्ट २०२५ रोजी तिथेही रद्द करण्याचा निकालच कायम राहिला. एखाद्या भुकटीच्या घनतेवर दोन न्यायालये बसावीत हे वाचायला विचित्र वाटते. पण विज्ञानाचा कायदा होतो तेव्हा असल्याच गोष्टींवर गाडी अडते. आणि हा सारा खटला पोत्यातल्या भुकटीचा होता. साबणाचा त्यात विषयच नव्हता.

आता तोंड. खाद्यपदार्थांत हेच द्रव्य ई१७१ या नावाने ओळखले जाते. च्युइंगगम, गोळ्यांवरचे पांढरे कवच, काही मिठायांवरचा थर, यांत ते असते. २०१७ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी घुशींना शंभर दिवस रोज थोडे ई१७१ पाजले आणि काहींच्या मोठ्या आतड्यात कर्करोगाच्या आधी दिसणाऱ्या खुणा आढळल्याचे सांगितले. फ्रान्सने १ जानेवारी २०२० पासून ते अन्नात बंद केले. मे २०२१ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जाहीर केले की या रंगाने पेशीतल्या डीएनएला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, त्यामुळे तो सुरक्षित म्हणता येणार नाही. शरीरात शोषले जाण्याचे प्रमाण अगदी कमी आहे, पण जेवढे शोषले जाते ते साठून राहू शकते, हेही त्या अहवालात आहे. ऑगस्ट २०२२ पासून युरोपीय संघात अन्नातून ते गेले. 'युरोपात बंदी' असे जे ऐकू येते ते हे. ती बंदी खाण्यावर आहे, अंगाला लावण्यावर नाही.

आणि खाण्याबाबतही जगाचे एकमत नाही. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड इथल्या संस्थांनी हाच पुरावा चाळून वेगळा निष्कर्ष काढला. त्यांचे म्हणणे असे की डीएनएच्या इजेचे बरेच प्रयोग मुद्दाम सुट्या केलेल्या नॅनो कणांवर झाले आहेत, अन्नातली भुकटी तशी नसते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त समितीने २०२३ मध्ये आपली जुनी भूमिका कायम ठेवली, म्हणजे रोजच्या सेवनाला आकड्याची मर्यादा घालण्याची गरज नाही. अमेरिकेत वजनाच्या एक टक्क्यापर्यंत मुभा आहे. माझा कल विचाराल तर खाद्यपदार्थांबाबत मी युरोपच्या बाजूला झुकतो. कारण साधे आहे: अन्नातला पांढरा रंग पोषण देत नाही, टिकवण देत नाही, फक्त दिसतो. ज्याचा काही उपयोग नाही त्यासाठी शंकेचा फायदा द्यायचा कशाला? पण हा युक्तिवाद पोटात जाणाऱ्या वस्तूंचा आहे. तो उचलून वडीवर आणताना दमाने घ्यावे.

कातडीवर या. इथला पुरावा आश्चर्य वाटावे इतका एकसुरी आहे. सनस्क्रीनमुळे तो जमला. नॅनो टायटॅनियम अंगभर फासून लोक उन्हात बसतात, तेव्हा कण आत शिरतात का हे शोधणे भागच होते. युरोपीय संघाच्या पैशाने चाललेल्या नॅनोडर्म या प्रकल्पात माणसाच्या आणि डुकराच्या कातडीचे काप घेऊन अणुसूक्ष्मदर्शकाने कण शोधले. कण सापडले ते वरच्या मृत पेशींच्या थरात आणि केसांच्या मुळांच्या तोंडाशी. जिवंत पेशींपर्यंत ते पोचत नाहीत. सोरायसिस झालेल्या कातडीत ते थोडे आत गेले, पण तिथेही जिवंत थराच्या आधीच थांबले. उन्हाने भाजलेल्या कातडीवरच्या प्रयोगांतही चित्र फारसे वेगळे नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी वेगळा आढावा घेतला आणि त्याच जागी पोचले. युरोपच्या ग्राहकसुरक्षा वैज्ञानिक समितीने २०१३ मध्ये म्हटले की २५ टक्क्यांपर्यंत नॅनो टायटॅनियम असलेले क्रीम निरोगी, अखंड किंवा उन्हाने भाजलेल्या कातडीला लावण्यात धोका दिसत नाही. फवाऱ्याला मात्र त्याच समितीने तेव्हा परवानगी दिली नाही. पुन्हा नाक!

आता या आकड्यांशेजारी साबण ठेवून पाहू. शंभर ग्रॅमच्या वडीत अर्धा टक्का टायटॅनियम धरले तर सगळ्या वडीत मिळून ते अर्धा ग्रॅम होते. एकट्या माणसाला ती महिनाभर पुरली तर रोज तीनेक ग्रॅम साबण झिजतो आणि त्यात पंधरा मिलिग्रॅम टायटॅनियम असते. यातले अंगावर राहते किती? धुऊन टाकायच्या वस्तूंसाठी युरोपचे मूल्यमापन करणारे शंभरात एक भाग अंगावर राहतो असे धरतात. म्हणजे साधारण एक मिलिग्रॅमचा सातवा हिस्सा. सनस्क्रीनसाठी हेच मूल्यमापक दिवसाला १८ ग्रॅम क्रीम धरतात. २५ टक्क्यांच्या हिशेबाने साडेचार ग्रॅम टायटॅनियम, तेही दिवसभर अंगावर. दोन्हींतले अंतर तीस हजारपटीचे आहे. साडेचार ग्रॅम नॅनो कण चालत असतील, तर त्याच्या तीस हजाराव्या हिश्शाएवढ्या जाड कणांची काळजी करावी अशी जागाच उरत नाही.

आणखी एक रासायनिक शंका घेतली जाते, ती अनाटेजच्या प्रकाशक्रियेची. अतिनील किरण पडले की टायटॅनियमचा पृष्ठभाग आक्रमक होतो आणि शेजारच्या सेंद्रिय रेणूंना तोडू लागतो. जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये याच गुणाच्या जोरावर प्रकाशाने पाणी फोडून दाखवले आणि त्यावर पुढे एक उद्योगच उभा राहिला. सनस्क्रीनमधल्या कणांवर म्हणून अ‍ॅल्युमिना किंवा सिलिकाचे कवच चढवतात. न्हाणीघरात मिनिटभर फेसात असलेल्या कणाला ऊन लागत नाही. फार तर उघड्या खिडकीत पडून राहिलेल्या वडीचे तेल थोडे लवकर खवट होईल.

मग इसब असलेल्या माणसाने, तान्ह्या बाळाच्या आईने काय करावे? त्यांनी साबणाकडे सावधपणे पाहावे हे बरोबरच आहे, पण टायटॅनियमसाठी नव्हे. साबणाचा सामू नऊ-दहाच्या घरात असतो, कातडीचा पाचच्या आसपास. कातडी कोरडी पडते, खाजते, तडकते ती या अल्कलीमुळे आणि अत्तरातल्या घटकांमुळे. ज्या बाईचे हात भांड्यांच्या साबणाने फाटतात तिला 'टायटॅनियम-फ्री' लिहिलेली महागडी वडी देऊन काहीही फरक पडणार नाही. डोळ्यात गेलेला फेस झोंबतो तोही अल्कलीनेच.

खरी धास्ती घ्यावी अशी पांढरी गोष्ट दुसरीच आहे. टायटॅनियमने वडी पांढरी होते, माणूस नाही. माणूस उजळवण्याचा दावा करणाऱ्या काही साबणांत आणि क्रीममध्ये पारा असतो. तो कातडीतून सरळ आत जातो आणि मूत्रपिंडावर बसतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या गाळण्या बिघडलेल्या २२ रुग्णांची नोंद ठेवली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी गोरेपणाची क्रीम वापरली होती. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराने 'त्वचा उजळवणारे साबण' असे नाव घेऊनच बंदीच्या यादीत टाकले. आधी दशलक्षात एक भागापर्यंत सूट होती, २०२३ च्या बैठकीत तीही काढली. टायटॅनियमवर आपण जेवढा वेळ घालवतो त्याच्या दशांश जरी या गल्लीबोळातल्या डब्यांवर घालवला तर अधिक मूत्रपिंडे वाचतील.

भारतातल्या नियमांबद्दल थोडक्यात. गंमत म्हणजे १९८२ च्या दुरुस्तीपर्यंत आपल्या कायद्यात साबण सौंदर्यप्रसाधनच नव्हता. व्याख्येतच 'साबण सोडून' असे शब्द होते. अमेरिकेत अजूनही निखळ साबण बऱ्याच अंशी तिथल्या प्रसाधन कायद्याबाहेर आहे. आज आपल्याकडे २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आणि भारतीय मानक ब्यूरोची रंगद्रव्यांची यादी लागू आहे आणि टायटॅनियम डायऑक्साइड तिच्यात मान्य आहे. स्नानाच्या साबणाच्या मानकात ग्रेड एकला ७६ टक्के टीएफएम लागते. रंग कोणता आहे यापेक्षा त्या ७६ कडे बघून साबण घेणारा माणूस मला शहाणा वाटतो.

युरोपात पुढचे पाऊल पडेल ते बहुधा ओठ आणि दातांच्या वस्तूंवर. २०२४ मध्ये तिथल्या समितीने म्हटले की लिपस्टिक, टूथपेस्ट अशा गिळल्या जाणाऱ्या प्रसाधनांतल्या जवळपास सगळ्या ग्रेडच्या टायटॅनियमबाबत डीएनएच्या इजेची शक्यता पुरेशी खोडता येत नाही. फक्त दोन नॅनो ग्रेड त्यातून सुटल्या. इथे मजा अशी की ज्या नॅनो कणांना लोक घाबरतात त्यांच्याच कागदपत्रांची फाइल पुरी भरली. साबण या मतात नाही. पण त्यावरून नियम निघाला की 'आता साबणातही' असे मथळे येणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

वाहून गेलेल्या टायटॅनियमचे काय, हा प्रश्न कमी विचारला जातो. अमेरिकेत २०१२ च्या एका अभ्यासात सांडपाणी शुद्धीकरणानंतरच्या पाण्यात लिटरमागे पाच ते पंधरा मायक्रोग्रॅमपर्यंत टायटॅनियम सापडले. बाकीचे गाळात बसते. आपल्याकडे कितीतरी गावांत शुद्धीकरणच नाही, तेव्हा ते नाल्यातून नदीत जाते. तरीही साबणाचा वाटा भिंतींच्या रंगापुढे किरकोळ आहे. ओझे आहे ते रंग बनवण्याच्या टोकाला. सल्फेट पद्धतीत इल्मेनाइट गंधकाम्लात शिजवतात आणि मागे उरते ते पातळ आम्ल आणि लोहाचे सल्फेट. त्रावणकोर टायटॅनियमने वेळीच्या समुद्रात सोडलेल्या या पाण्यावरून मच्छीमारांचे जे जुने भांडण आहे, ते पांढऱ्या वडीच्या किमतीत कुठे दिसत नाही.

आणि आता घरगुती साबणाकडे येतो, कारण नाकाची गोष्ट परत येते ती इथे. गेल्या काही वर्षांत बचत गटांच्या ताईंपासून पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या हौशी उद्योजकांपर्यंत साबण बनवणारे हात खूप वाढले. शेळीच्या दुधाचा, हळदीचा, उटण्याचा. कोणी पांढरा सोप बेस आणून वितळवून साच्यात ओतते. त्या बेसमध्ये टायटॅनियम आधीच असते, 'शंभर टक्के नैसर्गिक' असे लेबल वरून चिकटवले तरीही. कोणी तेल आणि कॉस्टिक घेऊन मुळापासून करते. अशा साबणात सर्वसाधारण कृती अर्धा किलो तेलाला एक छोटा चमचा भुकटी सांगते, म्हणजे कारखान्यापेक्षा प्रमाण जास्तच. भुकटी जास्त झाली, पाणीही सढळ पडले आणि साचा गरम राहिला तर कापलेल्या वडीत काचेसारख्या नागमोडी रेषा उमटतात. परदेशी हौशी लोक त्यांना ग्लिसरिनच्या नद्या म्हणतात. दोष नाही, पण गिऱ्हाईक विचारते, 'ताई, साबण फाटलाय का?'

या भुकटीची खरेदी बहुधा सुट्टी होते. रंगांच्या आणि केमिकलच्या दुकानात दोन पोती शेजारी असतात, एक कॉस्मेटिक ग्रेडचे आणि एक रंगकामाचे, आणि भावात बराच फरक असतो. दिसायला दोन्ही सारखीच पांढरी. अमेरिकेच्या नियमात अन्न-प्रसाधनाच्या भुकटीत शिसे दशलक्षात दहा भाग, आर्सेनिक आणि पारा प्रत्येकी एक भाग, यापुढे चालत नाही. रंगाच्या पोत्यावर अशी हमी नसते. साबणातल्या टायटॅनियमबाबत गिऱ्हाइकाने खरेच काही विचारायचे असेल तर ते हे, की भुकटी कोणत्या ग्रेडची आणि तिचा चाचणी दाखला आहे का. 'पाण्यात विरघळणारी' आणि 'तेलात विरघळणारी' असे दोन प्रकार सांगून दुकानदार गोंधळ वाढवतो. विरघळत कोणतीच नाही. एकीचा पृष्ठभाग पाण्यात पसरायला सोयीचा केलेला असतो, दुसरीचा तेलात.

प्रशिक्षण वर्गात कॉस्टिकसाठी हातमोजे आणि चष्मा सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण बंद स्वयंपाकघरात पिशवी कापून चमच्याने भुकटी काढताना जो पांढरा धूर उडतो, त्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. कॅलिफोर्नियाची अट इथे अक्षरशः पुरी होते: कण मोकळा, हवेत, श्वासाच्या उंचीवर. आठवड्यातून एखादा घाणा काढणाऱ्या बाईला यातून काही व्हावे इतकी ती धूळ नाही, पण जी रोज तीन-चार घाणे काढते आणि वर्षानुवर्षे काढणार आहे, तिने साधा कापडी रुमाल न बांधता धुळीचा चांगला मास्क लावावा, पंखा बंद ठेवून खिडकी उघडी ठेवावी आणि ओटा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावा. सोपा उपाय तर कृतीतच आहे. लागणारी भुकटी सुकी साच्यात न टाकता आधी वाटीत दोन चमचे तेलात किंवा ग्लिसरिनमध्ये कालवून घ्यायची, मग मिश्रणात ओतायची. वडीत पांढऱ्या गुठळ्या राहत नाहीत म्हणून जुन्या बायका हे करतातच. धूळ उडत नाही ती त्यामुळेच.